तुमचं वॉलेट नेमकं कुणाचं, हे इतरांना कसं कळतं? नव्या क्रिप्टोधारकांसाठी खासगीपणाच्या पायऱ्या

ऑक्टोबर २०२२ मध्ये सेल्सियस या बुडालेल्या क्रिप्टो कंपनीने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात ग्राहकांची यादी दाखल केली. यादी चौदा हजारांहून जास्त पानांची होती. ग्राहकाचं नाव, कोणत्या तारखेला कोणतं नाणं किती भरलं, किती काढलं, हे सगळं तिच्यात होतं, आणि ती कुणालाही वाचायला खुली होती. थोड्याच दिवसांत नाव टाकून शोध घेता येईल असं संकेतस्थळही कुणीतरी उभं केलं.

त्या यादीत वॉलेटचे पत्ते नव्हते, पण त्यांच्यावाचून काही अडतही नव्हतं. तारीख आणि दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंतची रक्कम माहीत असेल, तर ब्लॉकचेनवर तो व्यवहार बहुतेक वेळा सापडतो. त्या दिवशी नेमके तेवढेच सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) त्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवणारे दोन जण सहसा नसतात. व्यवहार सापडला की पैसे कोणत्या पत्त्यावरून आले ते दिसतं. तो पत्ता सापडला की त्यावरची आधीची आणि नंतरची सगळी उलाढालही दिसते. यातल्या एकाही ग्राहकाने पासवर्ड गमावला नव्हता, कुठल्या फसव्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं.

हा लेख नुकतंच पहिलं वॉलेट उघडलेल्या किंवा उघडण्याच्या बेतात असलेल्या माणसासाठी आहे. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची चावी असलेले शब्द, कशी जपायची हे बहुतेक सगळीकडे शिकवलं जातं. वॉलेटमागचा माणूस कसा ओळखला जातो हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते ते पहिल्याच आठवड्यात कळायला हवं, कारण चेनवर एकदा पडलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. इथे सांगितलेलं काहीही करखात्यापासून पैसे लपवण्यासाठी नाही. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. सरकारला जे सांगायचं ते सांगायचंच. प्रश्न बाकीच्यांचा आहे: चोर, खंडणीखोर, फिशिंग करणाऱ्या टोळ्या, कामाचे पैसे देणारा ग्राहक, सोसायटीतला चौकस शेजारी. यांतल्या कुणालाही तुमची शिल्लक पाहण्याचा अधिकार नाही.

आधी एक व्यवहार जवळून पाहू

सातबाऱ्यावर मालकाचं नाव दिसतं, पण त्याच्या कपाटात रोख किती आहे ते दिसत नाही. ब्लॉकचेनवर याच्या बरोबर उलटं आहे. रोख पैशापैशापर्यंत दिसते, फक्त नाव दिसत नाही. ते नाव एका ठिकाणी जरी जोडलं गेलं, तरी उरलेलं सगळं आपोआप उघडं पडतं.

समजा, नाशिकच्या एका डिझायनरला तुम्ही लोगोचे ०.०१३ बिटकॉइन दिले. तुमच्याकडे ०.०८ ची एक अखंड जमा पडून होती. बिटकॉइनमध्ये जमा अर्धी मोडता येत नाही. ती पूर्ण खर्ची पडते आणि उरलेले सुटे तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येतात. शुल्क वजा जाऊन ०.०६६९८५८ एवढे सुटे परत आले. वॉलेटने हे पडद्याआड केलं, तुम्हाला पडद्यावर फक्त ‘पाठवले’ एवढंच दिसलं.

डिझायनरला मात्र सगळं दिसतं. त्याने ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, तो व्यवहार उघडला की दोन शाखा समोर येतात: एक त्याची स्वतःची, दुसरी उरलेली, म्हणजे अर्थात तुमची. ०.०८ ही मूळ जमा कुठून आली होती तेही एका क्लिकवर. पुढच्या महिन्यात तुम्ही ते सुटे आणि दुसऱ्या एका पत्त्यावरचे ०.४ बिटकॉइन एकत्र करून एक्स्चेंजला पाठवले, तर तेही त्याला दिसेल. एकाच व्यवहारात दोन पत्त्यांवरच्या जमा खर्ची पडल्या, म्हणजे दोन्हींच्या किल्ल्या बहुधा एकाच माणसाकडे आहेत. लोगोचे पैसे देताना तुम्ही त्या ०.४ चा उल्लेखही केला नव्हता, तरी आता त्याला ते ठाऊक आहेत.

ही काही नवी शोधलेली पळवाट नव्हे. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ बिटकॉइन निबंधातच ती मान्य केलेली आहे. प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरा, असा सल्ला तिथे दिला आहे, आणि अनेक जमा एकत्र खर्च केल्या की त्यांचा मालक एकच असल्याचं उघड होणं टळत नाही, हेही लिहिलं आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी याच सूत्राने प्रयोग केला. निरनिराळ्या एक्स्चेंज, दुकानं आणि सेवांबरोबर त्यांनी स्वतः ३४४ व्यवहार केले, समोरचे पत्ते नोंदवले आणि तेवढ्यावरून त्या सेवांच्या लाखो पत्त्यांचे गट ओळखून दाखवले. त्याच काळात उभ्या राहिलेल्या इलिप्टिक, चेनॅलिसिस यांसारख्या ब्लॉकचेनवर माग काढणाऱ्या कंपन्यांचं काम आज याच पायावर चालतं. २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून चोरीला गेलेल्या बिटकॉइनपैकी सुमारे ९४ हजार बिटकॉइन अमेरिकी तपासयंत्रणांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच मागोव्यातून जप्त केले. चोर पकडायला हे तंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. पण जे तंत्र चोराला शोधतं तेच चोराच्या हाती पडलं तर तुम्हालाही शोधतं.

इथेरियम, ट्रॉन यांसारख्या चेनवर तर सुट्यांची भानगडच नाही. तिथे बँक खात्यासारखा एकच पत्ता वर्षानुवर्षं वापरला जातो. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास एकाच पानावर सापडतो.

पायरी १: नाव कुठे कुठे जोडलं गेलंय, ते कागदावर लिहून काढा

कागदच घ्या. फोनमधल्या नोट्स नकोत, ती यादीच उद्या फुटेल. डावीकडे पत्ता, उजवीकडे तो तुमचा आहे हे कुणाकुणाला माहीत आहे ते. नवख्या माणसाच्या यादीत साधारण पुढच्या गोष्टी सापडतात.

एक्स्चेंज पहिलं. केवायसीमध्ये पॅन, आधार, सेल्फी दिलेली असते आणि तिथून ज्या पत्त्यावर नाणी काढली तो पत्ता त्यांच्या वहीत तुमच्या नावापुढे कायमचा लिहिला जातो. ही माहिती आतूनही फुटू शकते. मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केलं की अमेरिकेबाहेरच्या काही ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन गुन्हेगारांनी ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती, शिल्लक आणि व्यवहारांचा इतिहास मिळवला. बाधित ग्राहक जवळपास ७० हजार होते. खंडणी मागितली गेली २ कोटी डॉलरची, कंपनीने ती दिली नाही. पण बाहेर गेलेली माहिती परत आली नाही ती नाहीच.

दुसरे एअरड्रॉपचे, म्हणजे फुकट नाणी वाटण्याचे, फॉर्म. आपल्याकडच्या तरुण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं असं मला वाटतं. टेलिग्रामवर एक गूगल फॉर्म येतो: एक्स हँडल, टेलिग्राम नाव, ईमेल, वॉलेट पत्ता. फुकट टोकन मिळतील या आशेवर लोक तो भरतात. शे-दोनशे रुपयांच्या टोकनसाठी, आणि तेही मिळेलच असं नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने पत्त्यावर नाव लिहून दिलेलं असतं. अशा याद्या पुढे विकल्या जातात, कधी कधी ती शीट सगळ्यांना उघडी ठेवलेली असते.

याशिवाय प्रोफाइलमध्ये लावलेलं स्वतःच्या नावाचं ‘डॉट इथ’ (पत्त्याऐवजी वापरायचं नाव), प्रोफाइल चित्र म्हणून लावलेलं एनएफटी (चेनवर मालकी नोंदलेलं चित्र), देणगीसाठी पोस्ट केलेला पत्ता, नफा दाखवायला टाकलेला स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये पत्ता खोडलेला असला तरी रक्कम आणि वेळ दिसत असेल तर तेवढं पुरतं. सेल्सियसच्या यादीत आणखी काय होतं? एनएफटीचं तर चित्रावरूनच आजचा मालकपत्ता शोधता येतो.

पैसे देणारे-घेणारे राहिलेच. परदेशातल्या कंपनीकडून यूएसडीटीमध्ये (डॉलरशी बांधलेलं नाणं) मानधन घेणारे फ्रीलान्सर पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. ज्या पत्त्यावर पगार घेता त्याच पत्त्यावर बचतही ठेवत असाल, तर पुढच्या वेळी दर ठरवताना समोरच्याला तुमची सगळी पुंजी दिसत असते. व्हॉट्सॲपवर ठरवलेल्या खरेदी-विक्रीत तर यूपीआयवरचं नाव, मोबाइल नंबर आणि वॉलेट पत्ता हे तिन्ही एकाच अनोळखी माणसाच्या हाती जातं. असे सौदे करूच नका. तिथे चोरीचे पैसे तुमच्या बँक खात्यात येऊन खातं गोठण्याचा धोका आहे तो निराळाच.

पायरी २: स्वतःचे पत्ते तपासा, पण एका दमात नको

यादी झाली की प्रत्येक पत्ता एक्स्प्लोररवर टाकून अनोळखी माणसाच्या नजरेने पाहायचा. इथेरियमसाठी इथरस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस. पाहायचं काय? पत्त्याला कुणी नाव किंवा टॅग लावलाय का. पहिले पैसे कुठून आले. दुसऱ्या कोणत्या पत्त्याशी वारंवार देवाणघेवाण आहे. आणि मुख्य म्हणजे यादीतल्या एका पत्त्यावरून दुसऱ्यापर्यंत किती क्लिकमध्ये पोचता येतं.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. एक्स्प्लोरर हे कुणाचं तरी संकेतस्थळ असतं. एकाच इंटरनेट जोडणीवरून, पाच मिनिटांत, सहा पत्ते ओळीने तपासले, तर हे सहा पत्ते एकाच माणसाचे असावेत हे तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं. चेनवर जे धागे नव्हते ते त्या सर्व्हरच्या नोंदीत तयार होतात. म्हणून हे काम तुमची इंटरनेट जोडणी लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमध्ये करा, दर पत्त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि सगळं एका बैठकीत उरकायची घाई करू नका.

वॉलेट ॲपचंही असंच. बहुतेक ॲप शिल्लक दाखवण्यासाठी कुणाच्या तरी सर्व्हरला विचारतात, म्हणजे त्या सर्व्हरला तुमचा आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वॉलेटचा पत्ता एकत्र कळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटामास्क हे वॉलेट बनवणाऱ्या कन्सेन्सिस कंपनीच्या गोपनीयता धोरणात हेच स्पष्ट लिहिलं गेलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने ही माहिती सात दिवसांपेक्षा जास्त ठेवणार नाही असं जाहीर केलं. बिटकॉइनसाठी उपाय सोपा आहे: स्पॅरो किंवा इलेक्ट्रमसारखं वॉलेट टॉरमार्फत चालवा, आणि रक्कम मोठी असेल तर स्वतःचा नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारा आपलाच संगणक, लावा. पहिल्या महिन्यात नोडच्या मागे लागायची गरज नाही.

पायरी ३: ओळखीचं आणि बिनओळखीचं वेगळं ठेवा

सगळ्या लेखातून एकच पायरी करणार असाल तर ही करा.

किमान तीन कप्पे हवेत. पहिला उघडा: ज्यावर मानधन घेता, देणग्या घेता, जो तुमचा आहे हे लोकांना माहीत असलं तरी चालेल. यात थोडीच रक्कम ठेवायची. दुसरा प्रयोगाचा: नवी ॲप, एनएफटी, गेम, अनोळखी संकेतस्थळांना जोडायचं वॉलेट. तिसरा बचतीचा: हा कुठल्याही संकेतस्थळाला जोडायचा नाही, कुठल्याही फॉर्ममध्ये लिहायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही.

हे ऐकून लोक मेटामास्कमध्ये ‘नवं खातं’ बटण दाबतात, दुसरा पत्ता तयार होतो, आणि मग त्यात गॅससाठी, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कासाठी, पहिल्या पत्त्यावरून थोडं इथर (इथेरियमचं नाणं) पाठवतात. तिथेच सगळं संपतं. दुसऱ्या पत्त्याच्या इतिहासातली पहिलीच ओळ पहिल्या पत्त्याकडे बोट दाखवते, आणि पहिला पत्ता तर तुमच्या नावाने फिरतोय. नव्या कप्प्याला पैसे जुन्या कप्प्यातून द्यायचेच नाहीत. तुमचं एक्स्चेंज नाणी बाहेर काढू देत असेल तर प्रत्येक कप्प्यात थेट तिथून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रकमा काढा. एक्स्चेंजला दोन्ही पत्ते तुमचे असल्याचं कळेल, जगाला कळणार नाही. नवख्या माणसासाठी हा तोल मला योग्य वाटतो: कायद्याला जबाबदार असलेल्या एका संस्थेकडे माहिती, बाकी कुणाकडे नाही.

रकमा मात्र खरोखर वेगळ्या हव्यात. सकाळी १.२३४५ इथर एका कप्प्यातून एक्स्चेंजला भरलं आणि संध्याकाळी १.२३ दुसऱ्या कप्प्यात काढलं, तर पाहणाऱ्याला दोन आणि दोन चार करायला वेळ लागत नाही.

पायरी ४: बिटकॉइनमध्ये प्रत्येक जमेला नाव द्या

चांगल्या वॉलेटमध्ये प्रत्येक जमेपुढे टीप लिहिता येते. ‘एक्स्चेंज, मार्च’, ‘डिझाइनचं काम’, ‘मामेभावाकडून’. पैसे येताच लिहा, सहा महिन्यांनी आठवत नाही. मग खर्च करताना ‘कॉइन कंट्रोल’ हा पर्याय चालू करून कोणती जमा वापरायची ते स्वतः निवडा. मामेभावाला माहीत असलेली जमा आणि बचतीची जमा एका व्यवहारात एकत्र आणू नका. वर डिझायनरच्या उदाहरणात ०.४ उघडे पडले ते केवळ ही निवड वॉलेटवर सोडली म्हणून.

प्रत्येक वेळी नवा पत्ता वापरायचा हे आलंच. बहुतेक बिटकॉइन वॉलेट तो आपोआप देतात.

मिक्सर, म्हणजे अनेकांची नाणी मिसळून माग पुसणारी सेवा, वापरू का, असं नवे लोक लगेच विचारतात. माझं उत्तर: नको. मिक्सरमधून आलेली नाणी एक्स्चेंजवर भरली की खातं अडकण्याची शक्यता खरी आहे, आणि ती का वापरली हे समजावताना तुमची आहे तीही माहिती द्यावी लागेल. कप्पे नीट सांभाळले तर सामान्य माणसाला त्याची गरज पडत नाही.

पायरी ५: सीएला काय द्यायचं, काय नाही

जुलै आला की वॉलेटचा तपशील व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. विवरणपत्रातल्या क्रिप्टोच्या तक्त्यात खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत आणि मिळालेली रक्कम द्यायची असते. त्यासाठी एक्स्चेंजवरून उतरवलेली व्यवहारांची फाइल आणि स्वतः केलेला तक्ता पुरतो.

‘एक्सपब’ मात्र कुणालाही देऊ नका. ही एक लांबलचक ओळ असते, हिशेबाची सॉफ्टवेअर आणि पोर्टफोलिओ ॲप ती मागतात. ती मिळाली तर पैसे चोरता येत नाहीत, त्यामुळे लोक निर्धास्तपणे देऊन टाकतात. पण त्या ओळीतून तुमचे आजवरचे सगळे पत्ते निघतात आणि पुढे तयार होणारेही निघतात. सीए कितीही भरवशाचा असला, तरी त्याच्या ऑफिसातला संगणक, ईमेल, आर्टिकलशिप करणारी मुलं, जुना पेनड्राइव्ह या सगळ्यांवर भरवसा टाकावा लागतो. फाइल द्यायचीच तर पासवर्ड लावून द्या आणि पासवर्ड फोनवर सांगा.

पायरी ६: हार्डवेअर वॉलेट घरी मागवताना

२०२० च्या उन्हाळ्यात लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीचा विक्री आणि जाहिरातीचा डेटा चोरीला गेला. डिसेंबरमध्ये तो सगळाच इंटरनेटवर टाकला गेला: सुमारे दहा लाख ईमेल, आणि २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर. यंत्रं सुरक्षित होती, एकाही किल्लीला धक्का लागला नव्हता. तरी ‘या घरात क्रिप्टो आहे’ अशी पत्त्यांसकट यादी तयार झाली. ग्राहकांना धमकीचे ईमेल आले. काहींच्या घरी पोस्टाने बनावट लेजर यंत्रं आली, सोबत ‘जुनं यंत्र असुरक्षित आहे, हे वापरा’ असं पत्र.

म्हणून यंत्र मागवताना घरचा पत्ता टाळता येत असेल तर टाळा. ऑफिसचा पत्ता, पार्सल घेऊन ठेवणारं ओळखीचं दुकान, काहीही. त्या खरेदीसाठी वेगळा ईमेल ठेवा. विक्रेता अधिकृतच हवा, पत्ता लपवायच्या नादात ओएलएक्सवरून जुनं यंत्र घेणं हा त्याहून मोठा धोका. खोका आणि बिल टीव्हीच्या कपाटावर ठेवू नका.

हे जास्त वाटत असेल तर जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये काय झालं ते वाचा. लेजरच्या एका सहसंस्थापकाला आणि त्यांच्या पत्नीला राहत्या घरातून पळवून नेलं गेलं, खंडणीसाठी त्या सहसंस्थापकाचं बोट कापलं गेलं. पोलिसांनी दोघांनाही जिवंत सोडवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रिप्टो व्यावसायिकांच्या नातेवाइकांवरही असे हल्ले झाले. ही माणसं आधीपासून प्रसिद्ध होती हे खरं, पण पैसा कुणाकडे आहे हे कळल्यावर कुलूप फोडण्यापेक्षा माणसाला गाठणं सोपं, हा हिशेब गुन्हेगारांना आता नीट कळलाय.

म्हणून घरच्यांशी बोला. बायको-नवरा, मोठी मुलं यांना दोन वाक्यांत सांगा: किती आहे ते बाहेर बोलायचं नाही, आणि फोनवर कुणी ‘वॉलेट कंपनीतून बोलतोय’ म्हटलं तर फोन ठेवायचा. लग्नकार्यात एखादा काका सगळ्यांसमोर ‘आमच्या पोराने बिटकॉइनमध्ये एवढे कमावले’ म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या मनात फक्त कौतुक असतं. त्यालाही प्रेमाने, आधीच सांगून ठेवा.

पायरी ७: न मागता आलेल्या नाण्यांना हात लावू नका

तुमचा पत्ता माहीत असलेला कुणीही त्यावर काहीही पाठवू शकतो, नको म्हणायची सोय नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर निर्बंध लादले. त्यानंतर कुणीतरी त्याच मिक्सरमधून अनेक प्रसिद्ध लोकांच्या उघड पत्त्यांवर ०.१ इथर पाठवून दिलं. बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना त्यांच्या पत्त्यांवर निर्बंधित पैशाचा शिक्का बसला.

सामान्य माणसाच्या वाट्याला याचं धाकटं रूप येतं: काही शे सातोशींची धूळ. ती दुसऱ्या जमेबरोबर खर्च झाली की पाठवणाऱ्याला पत्त्यांची जोडी मिळते. कॉइन कंट्रोलमध्ये ती जमा गोठवून ठेवा. दुसरा प्रकार जास्त घातक: तुम्ही नेहमी ज्याला पैसे पाठवता त्याच्यासारखाच दिसणारा, पहिले-शेवटचे चार-पाच अक्षर-आकडे जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून तुम्हाला शून्य किंवा किरकोळ रक्कम पाठवायची. पुढच्या वेळी इतिहासातून पत्ता कॉपी करताना तुम्ही चुकीचा उचलावा, अशी योजना. इतिहासातून पत्ता कधीच उचलू नका, आणि पाठवण्याआधी मधले आकडेही ताडून पाहा.

दुसऱ्याचं वॉलेट ओळखायचा मोह

इथवर शिकलेलं उलट दिशेनेही चालतं, आणि नव्या माणसाला त्याचा चस्का लवकर लागतो. एखाद्या मोठ्या वॉलेटमागे कोण असेल, ग्रुपमधल्या अमक्याकडे किती असतील. जुलै २०२३ मध्ये अर्कम या कंपनीने तर वॉलेटमागची माणसं ओळखून देणाऱ्यांना बक्षीस देणारी बाजारपेठच जाहीर केली. त्यावर जोरदार टीका झाली ती योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे. त्याच सुमारास या कंपनीच्या रेफरल लिंकमध्ये सदस्यांचे ईमेल सहज उलगडता येतील अशा रूपात आढळले. माहिती जमवणाऱ्याला ती जपता येतेच असं नाही.

अंदाज चुकतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. मार्च २०१४ मध्ये न्यूजवीकने तिथल्या एका साध्या, वयस्कर गृहस्थाला बिटकॉइनचा जनक ठरवलं. घराचा फोटोही छापला. दारात पत्रकारांची झुंबड उडाली, त्यांच्या गाडीचा पाठलाग झाला. त्यांनी स्पष्ट नाकारलं, पण लाखो बिटकॉइनचा मालक म्हणून पत्ता जगजाहीर झाला तो झालाच. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका माहितीपटाने कॅनडाच्या एका विकासकावर तोच दावा केला. त्यानेही नाकारलं आणि सुरक्षिततेसाठी काही काळ नजरेआड राहायची वेळ त्याच्यावर आली.

ओळखीचं काम अधिकृत हातांत असलं तरी धोका संपत नाही, हे आपण पुण्यात पाहिलंय. २०१८ मध्ये गेनबिटकॉइन या क्रिप्टो गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी दोन खासगी तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना पुण्यात अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो परस्पर आपल्याकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे.

तेव्हा नियम साधा ठेवा. कुणाचा पत्ता कळलाच तर तो स्वतःपाशी ठेवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही, शिल्लक पाहून चर्चा करायची नाही. फसवणूक झाली असेल आणि चोराचा पत्ता सापडला असेल, तर तो पोलिसांच्या तक्रारीत लिहा. एक्सवर टाकून ‘हाच तो’ म्हणू नका. एक्स्चेंजच्या एकाच पत्त्यामागे हजारो निरपराध ग्राहक असतात, आणि पाहणाऱ्याला तो एकाच माणसाचा वाटू शकतो.

ओळख उघड झालीच तर

आधी ठरवा, काय फुटलंय. सीड फ्रेज गेली असेल तर क्षणाचाही विचार न करता नवं वॉलेट करून सगळं तिकडे हलवा, खासगीपणा नंतर.

फक्त नाव आणि पत्त्याचा संबंध कळला असेल तर याच्या उलट: काहीही घाईने हलवू नका. घाबरून सगळ्या पत्त्यांवरची नाणी एका नव्या पत्त्यावर गोळा केली, तर उरलेले अज्ञात पत्तेही त्या एका व्यवहाराने तुमच्या नावाला जोडले जातात. उघड झालेल्या कप्प्यात नवे पैसे घेणं थांबवा. पुढची बचत एक्स्चेंजमधून थेट नव्या कप्प्यात जाऊ द्या. जुन्या कप्प्यातलं लागेल तसं, थोडं थोडं, त्याच्यापुरतंच खर्च करा.

एक्स्चेंजचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर न्या. पुढचे काही महिने तुमचं नाव, पत्ता, शिल्लक अचूक सांगणारे फोन येतील असं गृहीत धरा. समोरच्याला एवढं माहीत आहे म्हणजे तो खरा, असं मुळीच नाही. इथरस्कॅनवर तुमच्या पत्त्याला तुमचं नाव लागलं असेल तर ते काढण्याची विनंती त्यांच्याकडे करता येते, करा. रक्कम मोठी असेल तर मल्टिसिग लावा, म्हणजे पैसे हलवायला दोन किंवा तीन किल्ल्या एकत्र लागतील अशी सोय, आणि त्यातली एक किल्ली घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, म्हणजे घरात घुसलेल्याला तुम्ही इच्छा असूनही सगळं देऊ शकणार नाही. हे लावलंय हेही कुणाला सांगायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाखेरीज.

धमकी आली तर ती पुसू नका. ईमेल, चॅट, फोन नंबर, मागितलेला वॉलेट पत्ता, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), सगळं जपून ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. चोरीची नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोचलेली दिसत असतील तर हॅश आणि तक्रार क्रमांक देऊन त्या एक्स्चेंजलाही त्याच दिवशी कळवा. नाणी गोठवता येतात ती तिथे असेपर्यंतच, आणि तो वेळ अनेकदा तासांत मोजावा लागतो. जिवाला धोका वाटत असेल तर ११२.